‘घिबलीसारखं’ म्हणजे नक्की कशासारखं?

मार्च २०२५ आठवतोय? चॅटजीपीटीत चित्रं काढायची नवी सोय आली आणि चार दिवसांत ओळखीतल्या निम्म्या लोकांचे डीपी बदलले. लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो, सोसायटीच्या गेटवर झोपणारा कुत्रा, सगळं ‘घिबली’ झालं. ज्यांनी त्या जपानी स्टुडिओचा एकही सिनेमा पाहिला नव्हता, तेसुद्धा ‘आमचं पण घिबली करून दे ना’ म्हणायला लागले.

मी अ‍ॅनिमेशन शिकवते. त्या लाटेनंतर एक विद्यार्थिनी शेवटच्या वर्षाच्या फिल्मचा विषय घेऊन आली. कणकवलीकडची मुलगी. तीन मिनिटांची फिल्म: पावसाळ्यातली संध्याकाळ, एसटी स्टँड, नातवाची वाट बघणारी आजी आणि वेळ टळून गेली तरी न आलेली गाडी. विषय ऐकून मी खूश. मग विचारलं, ‘दिसणार कशी?’

‘मॅडम, घिबलीसारखी.’

‘म्हणजे कशासारखी?’

ती थांबली. ‘म्हणजे... छान. हिरवी. शांत.’

आता ‘छान, हिरवी, शांत’ एवढं ऐकून दहा चित्रकार दहा वेगळ्या फिल्म काढतील आणि प्रत्येक जण शपथेवर सांगेल, की जे सांगितलं तेच मी काढलं. आमच्या धंद्यातली बरीचशी भांडणं इथूनच सुरू होतात. ती काम सुरू व्हायच्या आधीच उरकून घ्यायचं साधन म्हणजे मूड बोर्ड.

चिंतामणी रंग कोणता?

घरात हा प्रश्न एकदा विचारून बघा. एक मावशी निळा म्हणेल, दुसरी जांभळट म्हणेल, आई म्हणेल मोरपंखीच्या जवळचा, आणि साडीच्या दुकानातला माणूस चौथंच काहीतरी उलगडून दाखवेल. शब्द एक, डोळ्यांपुढे चार साड्या. म्हणून तर मॅचिंग सेंटरमध्ये गेल्यावर बायका रंगाचं नाव घेत बसत नाहीत. पिशवीतून साडी काढतात, पदर काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, ‘याच्यावर द्या.’

मूड बोर्ड म्हणजे काउंटरवर ठेवलेला तो पदर. फिल्म काढायला घेण्याआधी तिचा रंग, उजेड, पोत, आकार आणि एकूण भाव कसा असावा हे दाखवणारे तुकडे एका बोर्डावर एकत्र लावायचे. फोटो चालतो, जुनं चित्र चालतं, कापडाची चिंधी, एखाद्या भिंतीचा पोपडा, काहीही चालतं. अशा प्रत्येक तुकड्याला आम्ही रेफरन्स म्हणतो.

मूड बोर्डमध्ये गोष्ट नसते. गोष्ट सांगतो तो स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटमागून शॉट रेखाटून काढलेली अख्खी फिल्म. या दोन शब्दांची गल्लत इतकी होते, की आधी खुलासा करून घेतलेला बरा.

आणि हे सगळं अ‍ॅनिमेशनलाच एवढं का लागतं? कॅमेरा घेऊन कणकवलीच्या स्टँडवर उभे राहिलात, तर कितीतरी गोष्टी फुकट मिळतात. डबकं मिळतं, त्यातलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब मिळतं, भिंतीवरचं अर्धवट फाटलेलं पोस्टर मिळतं. अ‍ॅनिमेशनमध्ये फुकट काहीच नाही. भिंतीला तडा हवा असेल तर तो कुणीतरी बसून काढावा लागतो, म्हणजे तो हवा की नको हे कुणीतरी आधी ठरवावं लागतं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावर क्षणभर टिकणाऱ्या चौकटी, धरल्या, तर तीन मिनिटांच्या ४,३२० होतात. एकेक चित्र दोन फ्रेम टिकवलं, तरी २,१६० चित्रं उरतात. बाराशेव्या चित्राला ‘हिरवा जरा वेगळा हवा होता’ हे लक्षात येणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्यालाच विचारा.

पानं मोजणारं जंगल

यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण जुनं आहे. डिस्नेचा ‘बॅम्बी’ १९४२चा. हरणाच्या पाडसाची गोष्ट, त्यामुळे जवळजवळ अख्खी फिल्म जंगलात. सुरुवातीला बॅकग्राउंडच्या चित्रकारांनी जीव तोडून जंगल काढलं. पान न् पान, फांदी न् फांदी. आणि घोटाळा असा झाला, की त्या गर्दीत हरीणच दिसेना.

स्टुडिओत तेव्हा टायरस वाँग नावाचा एक चिनी तरुण होता. त्याचं काम अगदी खालच्या पायरीचं: दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरून काढायची. अ‍ॅनिमेशनमधली ही हमालीच. पण त्याने चीनमधल्या सोंग राजवटीच्या काळातली निसर्गचित्रं डोळ्यांत साठवलेली होती. त्या चित्रांत डोंगर पूर्ण काढत नाहीत, धुक्यात सोडून देतात. वाँगने तशी छोटी छोटी जंगलं रंगवली. मध्यभागी थोडा तपशील, हरणाभोवती उजेड आणि कडेला सगळं विरघळत गेलेलं. वरिष्ठांनी ती चित्रं पाहिली आणि सिनेमाचा चेहराच ठरला. झाडं मोजता येत नाहीत, तरी जंगल आधीपेक्षा घनदाट वाटतं.

श्रेयनामावलीत त्याचं नाव साध्या बॅकग्राउंड चित्रकारांत आलं. सिनेमा पूर्ण व्हायच्या आधीच, १९४१च्या संपानंतर, त्याला कामावरून कमी केलं होतं, आणि तो संपात सामीलही नव्हता. डिस्नेने त्याचा गौरव केला तो २००१ मध्ये. वाँग १०६ वर्षं जगला, २०१६च्या अखेरीस गेला, म्हणून तो गौरव निदान त्याच्या हाती पडला.

या गोष्टीतला कामाचा भाग असा. हरणाच्या कार्टूनचं उत्तर दुसऱ्या कार्टूनमध्ये मिळालं नाही. ते कित्येक शतकांपूर्वीच्या चिनी चित्रांत मिळालं. आणि वाँगने त्यांतले डोंगर उचलले नाहीत, उचलली ती सोडून द्यायची रीत.

घिबलीचं गवत कुठून आलं?

आता पुन्हा ‘घिबलीसारखं’कडे. ‘माय नेबर टोटोरो’मधली (१९८८) ती प्रसिद्ध हिरवळ तिचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या घराजवळच्या, तोकोरोझावा परिसरातल्या सायामा टेकड्यांवरची आहे. ‘प्रिन्सेस मोनोनोके’च्या (१९९७) आधी स्टुडिओची मंडळी १९९५ मध्ये याकुशिमा बेटावर जाऊन तिथलं सुगी नावाच्या जपानी सीडर वृक्षांचं शेवाळलेलं जंगल बघून आली. म्हणजे घिबलीचं गवत घिबलीतून आलेलं नाही. ते कुठल्यातरी खऱ्या बांधावर वाढलेलं आहे.

माझ्या विद्यार्थिनीचा पहिला बोर्ड मात्र घिबलीतून आला होता. पिंटरेस्ट या चित्रं जमवायच्या वेबसाइटवरून उतरवलेली चाळीसेक चित्रं, त्यातली तीसेक घिबलीच्या फ्रेम आणि उरलेली घिबलीची नक्कल करणाऱ्यांची. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षरं फुगतात आणि कडेला काळा पट्टा येतो, तसं होतं हे. एका हिरव्या चित्रावर बोट ठेवलंत की पिंटरेस्ट तसलीच आणखी पन्नास पुढे करतं. दोष त्याचा नाही, त्याचं कामच ते. पण मग पुण्यातल्या, पाटण्यातल्या आणि पेरूतल्या विद्यार्थ्याचा बोर्ड एकसारखा दिसायला लागतो.

मी तिला म्हटलं, ‘सुट्टीत घरी चालली आहेस ना? मग स्टँडवर जाऊन बस. दोन तास. फोटो काढ, पण आधी नुसतं बघ.’

लाल रंगाची भानगड

ती परत आली तेव्हा फोनमध्ये दीडशे फोटो होते, आणि सोबत घरून आणलेल्या वस्तू. आजीच्या जुन्या नऊवारीचा तुकडा, छत्रीचं फाटकं कापड आणि कधीकाळी कुणीतरी पुस्तकात खूण म्हणून ठेवलेलं एसटीचं पातळ कागदाचं, पंच केलेलं तिकीट. सगळं टेबलावर पसरलं आणि खरी गंमत सुरू झाली.

पहिली गोष्ट कळली ती उजेडाची. कोकणातल्या भर पावसात सावली पडत नाही. आभाळ म्हणजे एक पांढुरका दिवाच असतो, सगळीकडून सारखा. घिबलीच्या त्या चित्रांत मात्र लख्ख ऊन होतं, ढगांच्या कडा चकाकत होत्या. म्हणजे तिने जमवलेल्या तीसातली पंचवीस चित्रं तिच्या फिल्मच्या हवामानातच बसत नव्हती! ती एका झटक्यात गेली.

दुसरी गोष्ट हिरव्याची. मे महिन्यातल्या कोवळ्या पालवीचा पोपटी वेगळा आणि जुलैत भिजून काळपट झालेला हिरवा वेगळा. फिल्म जुलैची, म्हणून पोपटी बाद.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर आम्ही दोन दिवस घालवले, ती लालाची. शेवटी येणारी गाडी लाल. लाल परीच ती. भोवताली सगळं हिरवं आणि राखाडी असताना एक लाल ठिपका वळणावरून येतो, तेव्हा डोळा आपोआप तिकडे जातो, कारण लाल आणि हिरवा हे रंगचक्रात समोरासमोर बसणारे रंग. जवळ आले की एकमेकांना भडकवतात. फिल्मचा सगळा जीव त्या एका ठिपक्यात. पण स्टँडचं कुंपण होतं जांभ्या दगडाचं. छपराची कौलंही लाल. नऊवारीचा तुकडा डाळिंबी. पहिल्या शॉटपासूनच पडद्यावर लाल पसरलेला असेल, तर अडीच मिनिटांनी येणाऱ्या गाडीला कोण विचारणार?

हे तिला स्टोरीबोर्ड काढताना कळलं नसतं, कारण तो पेन्सिलीचा असतो. बोर्डावर ते एका नजरेत दिसलं.

मग तोड शोधली. भिजलेल्या जांभ्याचे तिचेच फोटो पुन्हा पाहिले. ओला जांभा लाल राहतच नाही, चॉकलेटी-जांभळट होतो. तो तसाच घेतला. कौलांवर शेवाळ चढवलं. आणि साडी बदलली. डाळिंबीऐवजी धुऊन धुऊन विटलेली शेवाळी, जवळपास मागच्या भिंतीच्याच रंगाची. सुरुवातीला ती कुरकुरली, आजी दिसणारच नाही म्हणून. मी म्हटलं, गाडी येईपर्यंत ती कुणाला दिसतेय? ती गप्प झाली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

बोर्डावर अ‍ॅनिमेशनचं एकच चित्र उरलं. त्याऐवजी एक बाहेरची गोष्ट आली, म्हणजे तिच्यासाठी घरचीच: कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी. तिथला ठाकर समाज सुट्या चित्रांची पोथी समोर धरून, एकेक चित्र बदलत, गात-वाजवत गोष्ट सांगतो. बाजूने दिसणारे चेहरे, टपोरे डोळे आणि आकृत्यांच्या मागे बहुतेक वेळा कोरा कागद. त्या कोऱ्या कागदाने तिचा प्रश्न सोडवला. धो धो पावसात तसंही मागचं काही दिसत नाही. मग दर शॉटमध्ये अख्खा स्टँड कशाला काढायचा?

कात्री हातात ठेवा

चित्रं जमवणं सोपं असतं, खरं काम काढून टाकण्याचं. माझा नियम साधा आहे. प्रत्येक चित्राखाली एक ओळ लिहायची: यातून काय घेतलं आणि काय घेतलं नाही. ‘ओल्या फरशीवरची चमक घेतली, फरशीची नक्षी नाही.’ ‘छत्रीच्या कापडाचा विटका काळा घेतला, छत्रीचा आकार नाही.’ ज्या चित्राखाली नुसतंच ‘भारी आहे’ लिहावंसं वाटतं, ते चित्र उतरवायचं. बारा-पंधरा तुकड्यांच्या पुढे गेलेला बोर्ड कुणी वाचत नाही, असा माझा अनुभव. लग्नाच्या बस्त्यात शंभर साड्या उलगडल्या की नवरीला एकही पसंत पडत नाही, तसंच.

दोन चाचण्या जरूर करा. डोळे किलकिले करून बोर्डाकडे पाहा. तपशील पुसला जातो, रंगांचे ढीग उरतात आणि एखादा ढीग परका असेल तर लगेच खुपतो. मग बोर्डाचा कृष्णधवल फोटो काढा. रंग गेल्यावरही उजळ आणि गडद जागा नीट वेगळ्या दिसत असतील, तर पुढे प्रेक्षकाला माणूस आणि भिंत वेगळी दिसेल. आमच्या आजीची शेवाळी साडी या चाचणीत पडली होती. मग तिच्या पदराला एक फिकट काठ दिला आणि पास झाली.

‘पण ही चोरीच झाली ना?’

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि यायलाच हवा. कायद्याचं म्हणाल, तर आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा प्रत्यक्ष कलाकृतीला संरक्षण देतो; कल्पनेला किंवा शैलीला नाही. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितलं होतं, की कल्पना कुणाच्या मालकीची नसते, तिची विशिष्ट मांडणी असते. दहा चित्रांतून दहा वेगवेगळ्या गोष्टी उचलून अकरावंच काहीतरी तयार झालं, तर तो अभ्यास. एकाच चित्रातून दहाच्या दहा गोष्टी उचलल्या, तर ती उचलेगिरीच, मग तुम्ही तिला बोर्ड म्हणा नाहीतर प्रेरणा. आणि टीममध्ये दाखवायचा बोर्ड वेगळा, जगाला दाखवायचा वेगळा. दुसऱ्याचे फोटो लावलेला बोर्ड समाजमाध्यमांवर टाकताना नाव द्या, शक्य तिथे परवानगी घ्या.

चित्रकथीसारख्या कलेबाबत कायद्याच्या थोडं पुढे जावं लागतं. तिच्यावर पोट असलेली घरं आहेत. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ती ही कला टिकवल्याबद्दल. त्यांच्या गावची पोथी बोर्डावर लावायची आणि श्रेयनामावलीत नुसतं ‘लोककला’ लिहायचं, हे मला पटत नाही. विद्यार्थिनीला मी सांगितलं, जाऊन भेट, विचार, समाजाचं आणि गावाचं नाव लिही. फिल्मला पैसे मिळाले तर त्यातही वाटा असायला हवा.

‘एआय असताना एवढा उपद्व्याप कशाला?’

‘कोकण, पाऊस, एसटी स्टँड, आजी’ एवढं टाइप केलं की मिनिटभरात चार चित्रं येतात. आम्ही करून पाहिलं. आजी गोड आली, नऊवारीचा काष्टा मात्र कुठून निघाला आणि कुठे गेला याचा पत्ता लागेना. कुंपण विटांचं होतं. जांभा नव्हता, म्हणजे लालाची ती भानगडही नव्हती, आणि ती नसती तर साडी बदलली नसती, म्हणजे फिल्ममधली सगळ्यात चांगली गोष्ट सुचलीच नसती. एआयने आम्हाला उत्तर दिलं, फक्त आमचा प्रश्न न ऐकता.

एखादी फ्रेम कशी बांधता येईल हे झटपट पाहण्यापुरतं वापरायला माझी हरकत नाही. पण बोर्डावर लावायचं असेल तर खाली ‘एआय’ असं लिहा, नाहीतर महिन्याभराने तुम्हीच त्याला पुरावा समजाल.

‘माझ्या डोक्यात सगळं स्पष्ट आहे’

एकटेच काम करत असाल, तर असेलही. पण डोक्यातलं चित्र लबाड असतं. ते अडचणीच्या जागा धूसर ठेवतं. तुमच्या शाळेचं फाटक आठवा. आठवलं? आता त्याच्या सळया उभ्या होत्या की आडव्या?

मग बोर्ड केला की फिल्म जमतेच?

नाही. डिस्नेच्याच ‘स्लीपिंग ब्यूटी’चं (१९५९) बघा. तिच्यासाठी मध्ययुगीन युरोपातले युनिकॉर्नचे विणलेले पडदे आणि हस्तलिखितांतली चित्रं पुढे ठेवली होती. आयविंड अर्ल नावाच्या चित्रकाराने त्यातून चौकोनी झाडांचं, उभ्या रेषांचं, थक्क करणारं जग उभं केलं. इतकं तपशीलवार, की पात्रं काढणारे कुरकुरायला लागले: या बॅकग्राउंडपुढे आमच्या माणसांकडे बघणार कोण? तोवरची ती डिस्नेची सगळ्यात महागडी अ‍ॅनिमेशन फिल्म ठरली आणि पहिल्या फेरीत पैसे काही वसूल झाले नाहीत. आज ती बघताना मी मात्र कितीतरी फ्रेम थांबवून बघत बसते. प्रत्येक फ्रेम भिंतीवर लावावी अशी आहे, गोष्ट मात्र त्यामुळे पळत नाही. बोर्ड सुंदर असणं आणि तो गोष्टीच्या कामाचा असणं यात कधीकधी असं अंतर पडतं.

एका फिल्मला एकच मूड हवा, असंही नाही. जे. जे.च्या माजी विद्यार्थिनी गीतांजली राव यांच्या ‘बॉम्बे रोझ’मध्ये (२०१९) फ्रेममागून फ्रेम हाताने रंगवलेली मुंबई आहे. रस्त्यावरची आजची मुंबई एका तऱ्हेची, नायिकेची स्वप्नं लघुचित्रांच्या वळणाची, आणि जुन्या आठवणी आल्या की तोच रस्ता रंग गाळून कृष्णधवल होतो. कुठून कुठे गेलो हे पात्रांना सांगावं लागत नाही, रंग सांगतात. अशा वेळी प्रत्येक जगाचा बोर्ड वेगळा करावा, आणि सगळे शेजारी शेजारी लावून ते पुरेसे वेगळे दिसतात का, हे तपासावं.

आमच्या बोर्डावर एक जागा अजून रिकामी आहे. गाडी अंधारात वळणावरून येते, तेव्हा आधी लाल दिसत नाही, आधी दिवे दिसतात. जुन्या गाड्यांचे दिवे पिवळट असत, त्यांच्या उजेडात पाऊस सोनेरी दिसायचा. नव्या गाड्यांचे पांढरे, त्यांत पावसाची धार सुईसारखी दिसते. शेवटच्या शॉटचे सगळे रंग यावर अवलंबून आहेत. ती येत्या शनिवारी कणकवलीला चालली आहे, संध्याकाळच्या गाडीने, फलाटावर उभं राहून बघायला.